माळावर न गेलेली गाय

ता. १९ ऑक्टोबर

प्रिय वन्सं यांना,

सप्रेम नमस्कार. तुम्ही आणि मुलं बरी असाल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला हात आपोआप वळला होता, तो आवरला. फोनचे मनोरे आडवे झालेत, म्हणून पत्र. जनावरांच्या डॉक्टरीणबाई उद्या तुमच्या बाजूला जाणार आहेत, त्या पेटीत टाकतील.

आधी तुमच्या डोक्यातला गोंधळ काढते. वादळानंतर तुम्हाला एका पेट्रोलपंपवाल्याचा फोन आला होता. तुमची घोडी माझ्या पंपावर उभी आहे, असं तो म्हणाला आणि तुम्ही ‘माझी कुठली घोडी?’ म्हणून फोन ठेवलात. पुढे दूधगाडीवाल्याने घोडी ओळखली, तेव्हा आम्हाला हे कळलं. राग नाही. घोडी आपलीच, रुसकी. तिच्या पाठीवर तुमचा नंबर रंगवला होता.

वादळाची सूचना आली तशा डॉक्टरीणबाई घरोघर फिरल्या. जनावरं बांधू नका, कोंडू नका, म्हणाल्या. वर माळावर मोकळी सोडा, जिथे झाड नाही आणि विजेची तार नाही. तोंडाच्या दोरीच्या म्होरक्या काढा, कुठे अडकल्या तर गळ्याला फास बसेल. अंगावर फोन नंबर लिहा, पण वादळाच्या टप्प्याबाहेरच्या माणसाचा, कारण तुमचे फोन बंद पडणार. मग काय, आमची धांदल. माळाचं काटेरी कुंपण ह्यांनी पकडीने तोडलं, घोडे बिथरून त्यात शिरायला नकोत म्हणून. सुटे पत्रे मी दगडाखाली दाबले. पिंपं भरली. आपलं खेचर, ज्याला आम्ही साहेब म्हणतो कारण खाल्ल्याशिवाय ते जागचं हलत नाही, त्याने रंगाच्या डब्यावर लाथ मारली आणि ह्यांचं अर्धं तोंड पिवळं झालं. बाबासुद्धा हसले.

हे पेंडवाल्याचा नंबर लिहायला निघाले होते. बाबा रुसकीचा कान धरून उभे होते. त्यांनी तुमचा नंबर सांगितला, एका दमात, कुठे न अडखळता. तुम्ही लग्न करून गेलात तेव्हापासून त्यांच्यासमोर तुमचं नाव काढायची सोय नव्हती, हे तुम्हाला माहीतच आहे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी रंगाकडे पाहिलं. पाठ कधी केला होता, हे विचारायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. चारही घोड्यांवर आणि साहेबांवर तुमचाच नंबर गेला.

राहिली तांबडी गाय. तिचे दिवस भरले होते. माळाचा चढ तिला झेपेना, दोन पावलं टाकली की बसायची. हे म्हणाले, तिचं दावं काढा, गोठ्याचं दार उघडं ठेवा आणि वर चला. बाबा म्हणाले, आज-उद्या व्यायला आलेली गाय मी एकटी सोडत नाही. हे आधी समजुतीने बोलले, मग आवाज चढला. तुमच्या घरातला चढलेला आवाज तुम्हाला मी काय सांगावा? शेवटी हे म्हणाले, “बसा मग इथेच. भिंत पडली तर मला हाक मारू नका.”

बाबा गायीपुढे गवत टाकत राहिले. हे घोडे घेऊन माळावर गेले. बाबा खाली एकटे राहायला नकोत, म्हणून मी घरात थांबले.

वारा दुपारी सुरू झाला. वन्सं, तो कसा होता ते मला लिहिता येणार नाही. घराचं दार आतल्या बाजूला फुगत होतं. मी त्याला पलंग लावून बसले होते. गोठ्याची समुद्राकडची भिंत पडली, ती जमिनीतून कळली. मी पलंग ओढला, दाराला खांदा लावला, पण ते इंचभर उघडायचं आणि पुन्हा मिटायचं.

वारा पडल्यावर हे माळावरून धावत आले. आम्ही दोघांनी विटा काढल्या. बाबांच्या हातात गायीचं दावं होतं. ते त्यांनी सोडलं होतं, म्हणूनच गाय बाहेर उभी होती. दोन दिवसांनी ती व्याली. वासरू मेलेलं होतं.

रस्ते बंद होते, फोन बंद होते. तुमची वाट पाहता आली नाही. क्षमा करा. बाबांना निरोप द्यायला आम्ही दोघं आणि डॉक्टरीणबाई, एवढेच होतो.

माळावरचे तीन घोडे वाचले. चौथ्याच्या, काळ्याच्या पोटात कुठून तरी उडालेला पत्रा घुसला होता. डॉक्टरीणबाईंना त्याला सुई देऊन कायमचं झोपवावं लागलं. ह्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, चेहरा दगडासारखा.

आता हे बोलत नाहीत. सकाळी उठतात, पडलेल्या भिंतीच्या विटा साफ करून रचतात. जेवा म्हटलं की जेवतात. गायीजवळ जात नाहीत, धार मीच काढते. परवा ताटावर बसले असताना एवढंच विचारलं, “हाक मारली असेल का गं त्यांनी?”

मी नाही म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, भिंत एकदम आली, त्यांना कळलंही नसेल, असं म्हणाले. त्यांनी मान हलवली. पटलं नाही.

वन्सं, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा घास उतरत नाही. भिंत पडल्यावर मी दाराशी झटत होते, तेव्हा मला हाक ऐकू आली होती. ‘धाकट्या’, अशी, ह्यांनाच मारलेली. एकदा नाही, पुष्कळ वेळा. मग थांबली.

हे मी त्यांना या जन्मी सांगणार नाही. पण माझ्या ‘नाही’वर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि ते तुम्हालाही हेच विचारतील. म्हणून या. बाबांचं आता काही करायचं उरलेलं नाही, भावासाठी या. बाबांचा हट्ट तुमच्याइतका कुणी सोसला नाही. तुम्ही म्हणा, ‘तो माणूस मेला तरी कुणाला हाक मारणारा नव्हता.’ रागाने म्हणा. तुमच्या तोंडून त्यांना ते खरं वाटेल.

उत्तर पाठवू नका, स्वतःच या.

तुमची,
भावजय