शीतलची सात शून्यं

६ नोव्हें., गुरुवार
पहाटे जाग येताना कानात गोफणीचा सणसणाट. माय ज्वारीत मचाणावर उभी राहून फिरवायची. दगड सुटला की फट्ट, आणि मग पाखरांची भुर्रर्र… किती वर्षं झाली. आज कावून आठवलं कोण जाणे.
नात वैजू सकाळच्या एस्टीनं बीडला. सॉफ्टबॉल, आपलं नेकनूर विरुद्ध शिरूर कासार. माझा गुडघा, त्यामुळं जाणं नाही.
संध्याकाळी आली. फोन पुढं केला, स्कोअरशीटचा फोटो. आमच्या ओळीत सात डाव, सात शून्यं. मी विचारलं, "आकडे भरायचे राहिलेत का गं?"
"भरलेत, आबा. हेच भरलेत."
जेवली नाही.

७ नोव्हें.
तिच्या खेळाच्या सरांना फोन. जन्मभर वर्गात वृत्तं शिकवली, आज मी विद्यार्थी. प्रत्येकीच्या चौकटीत मैदानाच्या आकाराचा एक हिरा काढलेला. धाव झाली की तो काळा करायचा. आमचे सगळे हिरे कोरे. 'के' म्हणजे तीन स्ट्राइक, तीनदा हुकली की बाद. पानभर के, के, के. काय यमक साधलंय पोरीनं!
पोरगी म्हणजे शिरूरची पिचर, चेंडू टाकणारी, शीतल. घरी मेंढरं. सर म्हणाले, हात पुरा गोल फिरवून कमरेपाशी चेंडू सोडते. म्हणजे गोफणच की. आमच्या पाखरांना एक दाणा उचलू दिला नाही.
क्रिकेटात निर्धाव षटक म्हणतो. हा तर अख्खा सामना निर्धाव. वाहवा.

८ नोव्हें.
फोटोची मोठी झेरॉक्स काढून आणली, कॅलेंडरशेजारी चिकटवली. बोट ठेवून मोठ्यानं वाचत होतो, पाठांतराला घ्यायचो तसं, चालीवर. वैजू पाणी प्यायला आली ती थांबलीच.
"देव्हाऱ्यात लावा की, आबा. आमी हारल्याचा कागद हाय. उदबत्ती बी ओवाळा."
मी हसलो. नको होतं हसायला. तिनं ग्लव्ह, बूट गोणीत कोंबून माळ्यावर टाकले.
सूनबाई चहा देताना: "जिल्ह्याच्या टीमसाठी सर सोमवारपर्यंत तिचा होकार मागायलेत. ती म्हणती, खेळच सोडला. अन् तुमी त्या शिरूरवालीचे गोडवे गायलाव."
खरं आहे. कागद काढावा म्हणून उठलो. काढवेना. इतकं नेटकं काही फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

९ नोव्हें., रवि.
आज फक्त वैजूची ओळ पाहिली. तीत 'के' नाहीच! एकदा चार बाहेरचे बॉल सोडून फुकटात पहिल्या बेसवर गेली. दोनदा मारला, दोन्ही लांब, दोन्ही झेलले गेले. बाकी साऱ्या पोरींना 'के' आहे.
तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून सांगितलं.
"शेवटी शून्यच की ते, आबा."
कविता पुष्कळ आठवत होत्या. कामाची एक नाही.

१० नोव्हें., सोम.
सकाळी सरांचा फोन, संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणाले. वैजू शाळेत गेली नाही. खोलीत.
दुपारी कडी वाजली. मला वाटलं, सरच. उंबऱ्यापाशी एक उंच, रापलेली पोरगी. वेणीवर एस्टीची धूळ.
"वैजूचं घर हेच का? मी शीतल. शिरूरची."
मी दार पुरतं उघडलं. सूनबाई म्हणाली, "कावून आलीस एवढ्या लांब?"
"आमचे सर म्हणले, ती खेळ सोडायली. काकू, बाकीच्या पोरी डोळे मिटून बॅट फिरवतेत. ही एकटी माझा बॉल बघती. जिल्ह्याच्या सरावाला ही नसली तर मी टाकू कुणाला?"
बस म्हणालो. बसली नाही, खोलीच्या बंद दाराकडं बघत राहिली. बाहेरचा पंखा फिरत होता. आतला तेवढा बंद झाला; वैजूला नीट ऐकायचं होतं.