धार लावलेले दोन सुरे

होदेदाजवळ, यमन
गुरुवार, ९ फेब्रुवारी १९८९

तीर्थस्वरूप दामाजीमामांच्या चरणी भाचा विश्राम याचा, आजपावेतो सर्व अवयव शाबूत असताना, साष्टांग दंडवत.

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा दमा बरा आहे ना? आईला, म्हणजे तुमच्या बहिणीला, विश्राम मजेत आहे असं सांगा. तुम्हाला मात्र खरं लिहितो. उद्या दुपारनंतरची मला खात्री नाही.

मी स्वयंसेवक म्हणून इथल्या कोळ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला आलो, हे तुम्ही चेंदणी कोळीवाड्यात घरोघर सांगितलंच असेल. इंजिनांची मला भीती नाही. पण इथला प्रत्येक बाप्या कमरेला वाकडा सुरा बांधून फिरतो. जंबिया म्हणतात त्याला. मीठ आणायला जाताना सुरा, पोर कडेवर घेताना सुरा, दुपारी गालात पाला धरून बसतात तेव्हाही सुरा. (तंबाखू नव्हे, पाला. आपल्या बकऱ्या खातात तसा, फक्त हे लोक तो गिळत नाहीत.) पहिले आठ दिवस मी दिसेल त्याला आधी सलाम करायचो, एकदा गाढवालाही केला. नौपाड्यात ज्या मास्तरांकडे मी महिनाभर अरबी शिकलो, त्यांची हयात दुबईत कापडाच्या दुकानात गेलेली. त्यामुळे 'भाव कमी करा' हे मला अस्खलित येतं. 'मला मारू नका' हे त्यांनी शिकवलंच नाही.

तर झालं असं. गेल्या रविवारी मी शेडमध्ये एकटाच इंजिन उघडून बसलो होतो. गावातले दोघे सख्खे भाऊ, थोरला यह्या आणि धाकटा सालेम, एकमेकांवर ओरडत आत शिरले. मी पाना घट्ट धरला. पण त्यांनी कमरेचे सुरे काढले, माझ्यासमोर फळीवर ठेवले, छातीला हात लावला आणि निघून गेले. आता मामा, आपल्याकडे नारळी पुनवेच्या आधी अख्खा कोळीवाडा माझ्यापुढे कोयते टाकून जातो, ते कशासाठी? धारेसाठीच ना? मी म्हटलं, वा, गाव आपल्याला आपला मानायला लागलं. धारेचं चाक फिरवलं, आणि दोन्ही सुऱ्यांना अशी धार लावली की हातावरचे केस उडावेत. वर मुठींना तेलही चोळलं. मग ते घेऊन मोठ्या ऐटीत यह्याच्या दारात गेलो. सुरे बघताच त्याचा चेहरा पडला, आतल्या बायका रडायला लागल्या, आणि मी सुरे तसेच घेऊन पळत हमूदचाचाकडे गेलो.

हमूदचाचा म्हणजे पूर्वी खजूर घेऊन मुंबईला येणाऱ्या गलबतावरचा म्हातारा खलाशी. गावात हिंदी येणारा तो एकटाच. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "अरे, ये धार के वास्ते नहीं दिया! झगडा है दोनों में. जिसके सामने खंजर रखा, वो पंच. तू किसी का सगा नहीं, इसलिए तुझे चुना. तूने उठा लिया, अभी तूच फैसला देगा. वापस किया तो दोनों की बेइज्जती." मी विचारलं, धार लावली त्याचं काय? त्याने पुन्हा कपाळाला हात लावला. मग म्हणाला, ते सुरे त्यांच्या आजोबांचे होते आणि गेल्या चाळीस वर्षांत त्यांना धार नव्हती. आता आहे, मामा. उद्या निकाल न पटल्यावर ज्यांच्या रागाला मला तोंड द्यायचं आहे, त्यांची हत्यारं मीच तयार करून ठेवली आहेत. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हा.

भांडण बापाच्या होडीचं आहे. सालेम पाच वर्षं सौदीत होता. परत येऊन अर्धी होडी मागतो. यह्या म्हणतो, ती पाच वर्षं मी एकट्याने राखली. दोघांमागे भाऊबंद आहेत आणि उद्या नमाजानंतर सगळे मैदानात जमणार आहेत. तुम्ही तीस वर्षं जमातीचं पंचपण केलंत, तुमची छाती कधी धडधडली नाही का? की धडधडत असतानाच तुम्ही तपकीर ओढायचात?

आपला आज्ञाधारक (तुम्ही हसाल, हसा),
विश्राम

ता. क. शनिवार. जिवंत आहे. टपाल सोमवारी जातं म्हणून पुढचं लिहितो. काल दोन्ही सुरे पुढ्यात ठेवून मैदानात बसलो आणि भीतीने तोंडातून शब्द फुटेना. अर्धा तास फुटला नाही. लोकांना वाटलं, पंच फार खोल विचार करतोय, आणि म्हातारे माना डोलवायला लागले. मग उठून मैदानाच्या कडेला ओढलेल्या होडीकडे गेलो, कारण होडीची मला भीती नाही. होडीच्या सात फळ्या नव्या होत्या. सालेमला विचारलं, यातल्या तू किती बसवल्यास? त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, होडी यह्याची, पण सालेमला तिच्यावर कायमची जागा, त्याला कुणी उतरवायचं नाही. हमूदचाचाने ते अरबीत सांगितलं आणि मी डोळे मिटले. सालेमने सुरा उचलला, म्यानात घातला आणि माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. धार लागून त्याचं बोट कापलं होतं, ते रक्त अजून माझ्या सदऱ्यावर आहे.

ता. क. २. हे आईला वाचून दाखवताना सुरे गाळा.

ता. क. ३. निकाल देताना मला कळलं की हे शब्द माझे नाहीत. मी सहा वर्षं माजिवड्याच्या कारखान्यात असताना बाबांची होडी गोपीनाथदादाने राखली. तुम्ही पंच म्हणून हाच न्याय मला दिला होतात. मी भर बैठकीतून उठलो, दुसऱ्या दिवशी वकील गाठला आणि सख्ख्या भावावर दावा लावून इथे पळून आलो. सालेमला जमलं ते मला जमलं नाही, याची फार लाज वाटते. मामा, तारीख पुढच्या महिन्याच्या चोवीसला आहे. दावा काढून घ्यायचा कागद सही करून सोबत ठेवला आहे. गुडघा दुखत असला तरी कृपा करून तो वकिलाकडे स्वतः नेऊन द्या. आणि दादाला म्हणावं, एक पत्र टाक. चार ओळी पुरे. शिव्या असल्या तरी चालतील, इथे आल्यापासून घरची एक शिवी कानावर पडलेली नाही.