लोहाराला वाचवायचंय

रविवार, ३ मार्च

दातवाली चालली! महिनाअखेरीस. दुसऱ्या शहरात दातांचा मोठा दवाखाना, नवीकोरी खुर्ची, हाताखाली दोन माणसं — सगळं ठरलंय, आणि बाईंनी सांगितलं कधी? खेळ ऐन रंगात, फासा हातात! वकील म्हणाला, "अगं पण आपण अजून डोंगराच्या आतही गेलो नाही!" तोंड असं पडलं होतं त्याचं की अशील फाशी गेलं असावं.

म्हणजे खेळ संपवायचा. नऊ वर्षं चाललेला. माझ्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, डोळे तपासायच्या तक्त्याखाली बसून. आता उरले तीन रविवार.

सोमवार, ४ मार्च

शेजारच्या शिंपीणबाईंनी आज विचारलंच. "रविवारी दुकान बंद आणि आतून आरडाओरडा! पत्ते खेळता का हो?" म्हटलं, नाही, गोष्ट खेळतो. गोष्ट मी सांगते. राजा, राक्षस, खानावळवाली, वाटेतलं कुत्रं — सगळं मीच. बाकी तिघांचं एकेक पात्र. वकील चोर (त्याला फार मेहनत पडत नाही), दातवाली जादूगारीण, माझा धाकटा भाऊ बुटका लोहार. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, जमलं की फसलं ते फासा सांगतो. "आणि जिंकतं कोण?" कोणीच नाही! बाईंनी माझ्याकडे फार दयेने बघितलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

भावाचं काही त्यांना सांगितलं नाही. तो माझ्याशी बोलत नाही. बाबा गेल्यावर आईने कोणाकडे राहायचं यावरून आमचं वाजलं. आई त्याच्या वाट्याला आली, अबोला माझ्या. चार वर्षं झाली. पण पठ्ठ्याने रविवार एकही चुकवला नाही! येतो, माझ्याकडे न बघता बसतो, आणि मग त्याचा लोहार माझ्या खानावळवालीशी तासभर गप्पा छाटतो. मी खानावळवाली होऊन विचारते, "लोहारदादा, घरी म्हातारी काय म्हणते?" तो घोगऱ्या आवाजात सांगतो, "गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत." आईला मी भेटतेच, तो कामावर गेला की. पण त्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं. एकदा तर आईच्या चष्म्याची काडी तुटल्याचंही मला लोहाराकडूनच कळलं!

खेळ संपला की काय? खानावळ बंद, लोहार बेकार, आणि आम्ही दोघं कायमचे मुके.

रविवार, १० मार्च

एक पाऊल पुढे सरकले नाहीत! डोंगराचं दगडी दार समोर, आत झोपलेला राजा जागा होतोय, आणि या तिघांनी काय केलं? गाढव विकत घेतलं. चोराने घासाघीस केली. जादूगारणीने गाढवाचे दात तपासले — एक किडलेला निघाला, तो तिथेच उपटला! मग नाव काय ठेवायचं यावर भांडण. शेवटी नाव ठेवलं 'अशील'. मी भडकले. "अरे, डोंगर कोसळतोय!" तर लोहार खानावळवालीला म्हणतो, "कोसळेल सावकाश. इतकी वर्षं उभा होता, आठवडाभराने काय बिघडतंय?"

सगळे गेल्यावर फासे आवरताना डोक्यात प्रकाश पडला. यांना आत जायचंच नाहीये. मला तरी कुठे न्यायचंय!

बुधवार, १३ मार्च

युक्ती सुचली! लोहाराला वाचवायचं. दातवाली गेली तर गेली, लोहार जिवंत असला की नवी गोष्ट उभी करता येईल. तो दुसऱ्या गावात भट्टी टाकेल, आणि खानावळ काय, कुठल्याही गावात असतेच. वकिलाला विचारलं, तो एका पायावर तयार. शेवट असा रचलाय की मरायची कोणाची बिशाद नाही.

नवरा म्हणाला, "एवढ्या उठाठेवीपेक्षा सरळ फोन कर ना त्याला." याला सगळं सोपं वाटतं. केला होता. दोनदा. उचलला नाही.

रविवार, १७ मार्च

गेले एकदाचे आत. गाढवासकट!

रविवार, २४ मार्च

संपलं.

राजा हरला — गाढवाने लाथ मारली म्हणून! जादूगारणीची सगळी जादू वापरून झाली, चोराने मुकुट पळवला, वकील खुर्चीवर उभा राहून नाचला. हसून हसून पोट दुखलं. मग डोंगर कोसळायला लागला. बाकीचे बाहेर पडेपर्यंत दगडी दार कोणीतरी तोलून धरायला हवं. मी तिथे आधीच एक भक्कम तुळई टाकून ठेवली होती.

लोहार म्हणाला, "मी धरतो."

"तिथे तुळई आहे. टेकू द्यायला एकदम बेस्ट."

"नको."

"लोहारदादा, अगदी दाराच्याच मापाची आहे हो—" दातवाली फिस्सकन हसली.

त्याने फासा टाकला. सगळ्यात मोठा आकडा! मी टाळ्या वाजवल्या. वाचला! भाऊ फाशाकडे बघत बसला. मग म्हणाला, "दार टिकलं. लोहार नाही टिकला."

"फासा म्हणतोय वाचला!"

"लोहार माझा आहे. मी म्हणतो, गेला."

आमच्यात रीत आहे — पात्र मेलं की त्याला शेवटचं एक वाक्य मिळतं, आणि बाकीच्यांनी उभं राहायचं. राहिलो उभे. तो म्हणाला, "खानावळवालीला सांगा, सूप पाणचट असायचं, पण मी वाडगा दर वेळी संपवला."

दातवाली हसता हसता रडली. मग मिठ्या, फोटो, "येत जा गं"! या गडबडीत भाऊ बूट घालून निघून गेला. वळूनही बघितलं नाही.

मी त्याच्यासाठी एवढं मोठं लाकूड आडवं टाकलं होतं! साधं धरायचं होतं. पण नाही. बोलायचा एक धागा उरला होता, तोही स्वतःच्या हाताने तोडला. दुकानाचं शटर ओढलं आणि पायरीवर बसून रडले. शिंपीणबाईंनी खिडकीतून विचारलं, "हरलात का?"

सोमवार, २५ मार्च

कामात लक्ष नाही. एका आजोबांना चुकून कोणा बाईंचा गुलाबी चष्मा दिला. आरशात बघून म्हणाले, "हाच ठेवतो!"

बुधवार, २७ मार्च

दुपारी दुकानात फोन. "ताई, मी." आधी ओळखलंच नाही — कान घोगऱ्या आवाजाला सरावलेत! म्हणाला, "लोहाराला मुद्दाम मारलं. तो होता तोवर मी काही तोंड उघडलं नसतं." मी हातातला चष्मा तीनदा पुसला. शेवटी पलीकडून आईचा आवाज आला — "अरे, फोन लावून मुक्यासारखा काय बसलायस? बोल तिच्याशी!"