शेठचं वजन आणि माझा काटा

५ मार्च
स्वतःच्या हातांनी केलेलं: शेठचं लाकडी घर (एक खिळा वाकडा नाही), पाण्याच्या वाटीचा स्टँड, गळपट्टा, आणि आजपासून स्प्रिंगचा वजनकाटा. शेठ म्हणजे आमचा कुत्रा, वय नऊ. यापुढे चेकअप घरीच, दर रविवारी. दुखणं उंबऱ्याबाहेरच पकडायचं. वजन बावीस किलो. हिरड्या गुलाबी. डॉक्टर हवाय कशाला?

१९ मार्च
वाटी आता चारदा भरावी लागते. स्टँडची उंची अचूक साधल्याचा पुरावा. बायकोला सांगितलं. म्हणाली, मग हॉलमध्ये मुततो तोही स्टँडचाच पराक्रम का? 

२ एप्रिल
काट्यावर साडेवीस. स्प्रिंगचा नट सैल पडला. शेठचं वजन मला पाठ आहे, त्यामुळे त्यालाच उभा करून काटा बावीसवर आणला, नट आवळला. झालं काम.

१६ एप्रिल
पुन्हा कमी. पुन्हा आवळला. दुकानदाराने हलकी स्प्रिंग गळ्यात मारलीय. मेहुणा जेवायला आला होता. जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे हात धुवायच्या आधी निदान. शेठच्या पाठीवरून हात फिरवून म्हणे, दाजी, मणके हाताला लागतायत. काटा दाखवला. बरोबर बावीस. बाकी जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

३० एप्रिल
शेठ अन्नाला तोंड लावत नाही. तोंडाला घाण वास. दात! ब्रश करायला घेतला. बायको आता फक्त शेठशी बोलते, मला ऐकू जाईल अशा आवाजात. दुपारी त्याला एकटीने उचलून गाडीत घातलं आणि भावाच्या दवाखान्यात नेलं. बावीस किलो, एका दमात. बाईत ताकद आहे.

३ मे
दोन्ही किडन्या निकामी. दवाखान्याच्या काट्यावर साडेसोळा. तुमचा काटा कधी तपासलाय का, असं मी विचारलं.  सकाळी सलाईन चालू असतानाच शेठ गेला.
बायको म्हणाली, माझा भाऊ काय म्हणाला होता तेही लिहा तुमच्या वहीत. लिहितो, मला लपवायचं काय? जेवायला आला तेव्हा म्हणाला होता, दाजी, उद्याच आणा, रक्त-लघवी तपासतो, वेळेत कळलं तर पथ्यपाण्यावर वर्ष-दोन वर्षं आरामात काढेल. मी नको म्हणालो. फी मात्र विचारून ठेवली होती. घरचाच कुत्रा, म्हणाला, एक पैसा घेणार नाही.