श्रीमती ब्रोना टियर्नी यांना न्यूकॅसलला जाऊ न देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक डॉ. मर्डो लेनॉक्स,
आरोग्य संशोधन आढावा केंद्र,
लीड्स.

विषय : शोध-ग्रंथपाल श्रीमती ब्रोना टियर्नी यांची बदली रद्द करण्याबाबत.
संदर्भ : त्यांच्या बदलीसाठी मार्चमध्ये मीच केलेला अर्ज व आपण त्यास दिलेली मंजुरी.

महोदय,

मी, हिलरी ॲक्रॉयड, वरिष्ठ शोध-ग्रंथपाल, सविनय कळविते की, एखादा उपचार गुणकारी आहे की नाही हे ठरविण्यापूर्वी त्यावर जगभर झालेले सर्व अभ्यास शोधावे लागतात. एखादा निसटला तरी निष्कर्ष वाकडा होतो. हे काम मी संगणकातील लेखसंग्रह चाळून करते. आजाराची सगळी नावे, सगळी स्पेलिंगे मी गाळणीत घालते. या कामात माझा हात धरणारे केंद्रात कोणी नव्हते. मग श्रीमती टियर्नी आल्या. त्या लेखांच्या तळटिपा धरून मागे मागे जातात आणि लेखकांना फोन करतात. त्यांच्या कुत्र्यांचीही चौकशी करतात. दूरध्वनीचा हा अपव्यय मी मार्चच्या अर्जात नमूद केला होता. त्यातील एकही शब्द खोटा नव्हता.

२. त्याआधी हिवाळ्यात, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना भ्रम होऊ नये म्हणून द्यायच्या औषधाचा आढावा चालू होता. माझ्या शोधात सापडलेले सर्व लेख औषधाच्या बाजूने होते. अहवाल छपाईला जाणार, तोच श्रीमती टियर्नी यांनी एका तळटिपेवरून संडरलँडच्या निवृत्त परिचारिका मॉरीन स्टॉब्स यांना फोन लावला. बराच वेळ बागेतल्या लीकवर, म्हणजे जाड दांड्याच्या कांदापातीवर, गप्पा झाल्या. मग बाई सहज म्हणाल्या, "आमच्याकडंही झाली होती की चाचणी. म्हातारी माणसं पडायला लागली, म्हणून बंद केली. असलं कोण छापतंय?" कागद मिळाले आणि निष्कर्ष उलटा झाला. आपण टाळ्या वाजविल्या, त्यांच्यासाठी पार्किन, म्हणजे आपल्याकडचा आल्याचा केक, आणविला. माझ्यासाठी आजवर बिस्किटही आलेले नाही. न छापलेला अभ्यास लेखसंग्रहात नसतो हे मला ठाऊक आहे. तरीही शनिवार-रविवार बसून मी सगळा शोध पुन्हा चालविला. तो सापडला नाही.

३. त्याच सुमारास माझ्या आईचा खुबा मोडला. श्रीमती टियर्नी न सांगता रुग्णालयात जाऊ लागल्या. एकदा मी पोचले तर दोघी हसत होत्या.  त्या कशाला येतात, असे मी विचारले तेव्हा आई म्हणाली, "ती माझं शेवटपर्यंत ऐकते गं. तू तुला हवा तो शब्द सापडला की उठतेस." बदलीचा अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला.

४. पुढे वॉर्डच्या डॉक्टरांनी सांगितले की तेच औषध आईला द्यायचे ठरले होते, आपल्या केंद्राचा अहवाल वाचून त्यांनी ते थांबविले. आई न पडता चालत घरी आली आहे. श्रीमती टियर्नी न्यूकॅसलला चालल्याचे समजल्यापासून, मी त्यांना अडविले नाही म्हणून, ती माझ्याशी बोलत नाही. न्यूकॅसलच्या ग्रंथपाल फिओना यांनी तर मला आभाराचा निरोप धाडला : "असलं माणूस कोण सोडतं, बाई? खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेवलंय." फिओना यांचा आढावा आजवर आमच्या तोडीचा कधी झालेला नाही. तो यापुढे व्हावा, हे मला सोसणार नाही.

५. गेल्या आठवड्यात मीही ॲबर्डीनच्या एका निवृत्त डॉक्टरांना फोन केला. मी प्रश्न विचारला, ते "नाही" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. शेजारी श्रीमती टियर्नी होत्या. त्या हसल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "उद्या परत लावू. मी बसते तुझ्याजवळ." दुसऱ्या दिवशी डॉक्टर बराच वेळ बोलले. माझ्याशीच बोलले, हे कृपया नोंदवावे.

सबब, सदर बदली रद्द करून त्यांचे टेबल माझ्याच खोलीत ठेवावे. त्यांचा मत्सर मला वाटतो आणि वाटत राहील. तो लीड्समध्येच वाटावा, एवढीच विनंती. ही बातमी त्यांना मी स्वतः देईन. मात्र मार्चमधला अर्ज कोणाचा होता, हे आपण त्यांना सांगू नये, आणि माझ्या आईला तर मुळीच नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
हिलरी ॲक्रॉयड
लीड्स, ४ जून