नळ्या साफ आहेत

३ नोव्हेंबर
अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या नळ्या साफ! वजन, साखर वगैरे किरकोळ तक्रारी. दौंडचे डॉक्टर मात्र टू-डी इको दाखवून म्हणाले, साखरेनं आणि चरबीनं हृदयाचा स्नायूच जाड आणि ताठ झालाय. तो सैल पडत नाही, रक्त नीट भरत नाही. ताठ असणं हा रोग कधीपासून झाला? मी जन्मभर ताठच उभा आहे. उद्यापासून चालणे. गोड बंद.

४ नोव्हेंबर, सकाळ
वरवंडच्या चौकापर्यंत गेलो. धाप. हायवेची धूळ. नकुशी म्हणाली, "धूळ साऱ्या गावाला हाय, धाप तुमालाच कशी?" बायकोला उत्तर द्यायचं होतं, पण श्वास पुरला नाही.

७ नोव्हेंबर
चालणे स्थगित. बूट आखडले, पाय आत जात नाहीत. नकुशीच्या मते पाय सुजलेत; तिनं डॉक्टरांकडून अंगातलं पाणी काढायची लघवीची गोळी आणली. हल्ली आडवं झालं की गुदमरतं, म्हणून खुर्चीतच झोपतो. वाचन वाढलं.

१० नोव्हेंबर
खुटबावचे बबनराव गेले. हृदय. माझ्याच वयाचे, माझ्याच अंगाचे. दिवाळीत लाडू खाताना म्हणाले होते, "मला काय हुतंय?" दशक्रियेला श्रद्धांजलीचं भाषण माझं. दौंड-शिरूरमध्ये या प्रांतात मला तोड नाही. या वेळी रडवणार नाही, झोडपणार! विषय : देहाची बेपर्वाई.

१९ नोव्हेंबर, पहाट
लघवीची गोळी आज नाही. वक्ता मध्येच उठून जाऊ शकत नाही. कालही सरावामुळे घेतली नव्हती. परवाही.

१९ नोव्हेंबर, दुपार
गर्जना केली, "बंधूंनो, बबनराव स्वतःच्या शरीराशी खोटं बोलले, आणि..." पुढे श्वासच येईना. माईकचा दांडा धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं, मौन सुरू झालं. सगळा घाट उठून माना खाली घालून उभा. बसा म्हणायलाही आवाज नाही. कुणीतरी 'ॐ शांती' म्हणालं, मंडळी जेवायला गेली.
बबनरावांचा मुलगा माऊली पाया पडला. "आप्पा, बाकीचे तास तास पिळत्यात. तुमी दोनच शब्दांत संपवलं. लय भारी!"
नकुशीनं पिशवीतून गोळी काढली. सगळ्यांदेखत.

२३ नोव्हेंबर
डॉक्टरांनी भाषणं बंद केलीत. नकुशीला विचारलं, त्या दिवशीचं उरलेलं ऐकवू का? म्हणाली, "ऐकवा. बसून. आन् आधी गोळी."
घेतली. 'आणि' नंतर काय होतं, ते आठवेना.
चार दिवस गोळी चुकलेली नाही. आज सकाळी बूट घातले. सहज गेले. आखडले नव्हते.