काचेवरची टकटक

मुक्काम : शेवटी सांगतो
वार : शुक्रवार, दुपार

सन्माननीय मित्र जहांगीरभाई यांस,

शेषेरावचा सलाम आणि रामराम, दोन्ही. त्यातलं जे लागू पडेल ते ठेवून घ्यावं. (अकरा वर्षं एका रुग्णवाहिकेत बसून मी तुला 'अरे'च म्हणत आलो, पण कागद समोर आला की हात आपोआप 'यांस' लिहितो, त्याला मी काय करू. पुढच्या ओळीपासून पुन्हा 'अरे'वर येतो.) तुझी तब्येत कशी आहे, जेवण किती जातं, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. खरं उत्तर मला बिलालकडून कळतंच : अर्धी भाकरी, दोन कप चहा, आणि मागच्या खोलीला आतून कडी. सख्खा भाऊ असून त्यालाही तू दारातूनच वाटी परत देतोस म्हणे. सात महिने झाले, तुझा फोन बंद आहे, म्हणून हे पत्र. याआधीचं शेवटचं पत्र मी दानम्माला लिहिलं होतं, लग्न ठरायच्या आधी, आणि त्याचं उत्तर तिच्या वडिलांनी स्वतः देगलूरहून येऊन दिलं होतं. तेव्हापासून पत्रांचा मी जरा धसकाच घेतला आहे.

इकडची खुशाली अशी की तुझ्या जागी आता शिवमूर्ती नावाचा ड्रायव्हर आला आहे. उदगीरकडचा, माणूस गुणी, पण आपली टकटक काही त्याच्या डोक्यात शिरत नाही. मी त्याला बोटांवर मोजून समजावलं की मधल्या काचेवर एकदा वाजलं म्हणजे हळू घे, मागं मी सुई लावतोय. दोनदा वाजलं म्हणजे पळव. आणि तळहात नुसता काचेवरून खाली ओढला म्हणजे आता घाई उरली नाही, भोंगा बंद कर. नातेवाईक शेजारी बसलेले असतात, सगळं तोंडानं बोलता येत नाही, म्हणून आपण ही रीत काढली, हेही सांगितलं. तो मान डोलावतो. आणि एकदा टकटक झाली की गाडी बाजूला घेतो, खाली उतरतो, मागचं दार उघडतो आणि काय झालं म्हणून विचारतो. मागच्या महिन्यात एका बाळंतिणीनंच त्याला हात जोडून पुढं पाठवला.

तर या आठवड्यात मला लातूरला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. विषय : रुग्णवाहिकेवरच्या पॅरामेडिक लोकांना मनाच्या आजाराची ओळख. तीन दिवस, जेवण तिकडचं. (मला पॅरामेडिक म्हणतात हे आमच्या घरी अजून कोणाला पटलेलं नाही. आमच्या मामांच्या लेखी मी कंपाउंडरच.) माझीच निवड का झाली, तर बाकी सगळ्यांनी साहेबांना घरात लग्न आहे म्हणून सांगितलं, आणि मला ते वेळेवर सुचलं नाही.

पहिल्या दिवशी मी वेळेआधी पोचलो आणि तिथंच घात झाला. इमारतीत दोन सभागृहं होती. मी पहिल्यात शिरलो, सही केली, पुढं बसलो, वही उघडली. एक गृहस्थ बोलत होते की दाणा वरून धडधाकट दिसतो, आतून मेलेला असतो, नुसतं बघून कळत नाही. मी म्हटलं, वा, काय दाखला दिला. पुढं म्हणाले, शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज हलकं पाणी शिंपडा आणि पाच-सहा दिवस धीर धरा, सारखं उघडून बघू नका. मी हे सगळं मनाबद्दल आहे असं समजून दीड पान लिहून काढलं. शेजारच्या माणसानं मला कोणती जात लावता म्हणून विचारलं तेव्हा मी जरा दचकलो. मग कळलं की तो सोयाबीन म्हणत होता. मी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासायच्या वर्गात पाऊण तास बसलो होतो. खरं सांगतो, पुढच्या तीन दिवसांत जे शिकवलं त्यातलं निम्मं त्या पाऊण तासात आलं होतं.

आमच्या खऱ्या वर्गात आरतीमॅडम होत्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, आवाज असा की मागच्या बाकावरून ऐकायचं तर श्वास रोखावा लागे. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. आता रात्रपाळी करून आलेली चाळीस माणसं, पंख्याखाली, डोळे मिटून. दोन मिनिटांत सभागृहात घोरण्याचा कारखाना सुरू झाला. मॅडम बिचाऱ्या खूश झाल्या, म्हणाल्या इतका लवकर गुण आलेला वर्ग त्यांनी पाहिला नव्हता.

मग त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला : मन खचलेल्या माणसाला तुम्ही काय सांगाल? जहांगीर, त्या वर्गात मी जितका बोललो तितका सातवीच्या तोंडी परीक्षेतही बोललो नसेन. मन घट्ट कर, हे माझं. लेकराबाळांकडे बघ, माझं. लोकांची दुःखं बघ, आपलं काहीच नाही, हेही माझंच. देवाचं नाव घे, गावाला जाऊन ये, झालं गेलं विसर, मर्दासारखा वाग. मॅडम लिहीत गेल्या, मी सांगत गेलो, मागून लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. फळा भरला. मग त्यांनी लाल खडू घेतला आणि सगळ्यावर फुली मारली. म्हणाल्या, हे ऐकलं की माणसाला एवढंच कळतं की आपलं दुखणं याला सांगून उपयोग नाही, आणि तो गप्प होतो.

मी फळ्याकडे बघत बसलो. ती यादी नव्हतीच रे. तुझ्या दाराबाहेर उभं राहून सात महिन्यांत मी तुला जे जे बोललो होतो, ते सगळं क्रमवार तिथं होतं. त्यात नसलेलं एवढंच, की मी तुला कंधारच्या दर्ग्यात नेलं, माहूरला नेलं, आणि दानम्मानं सात मिरच्या ओवाळून तुझी दृष्ट काढली. (मिरच्यांचा ठसका फक्त मलाच लागला, त्यावरून नजर माझीच होती असा तिनं निकाल दिला, तो भाग वेगळा.) इतकी औषधं केली, पण तुला काय होतंय हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नाटक होतं. दोघादोघांच्या जोड्या, एक आजारी, एक पॅरामेडिक. माझ्या जोडीला औशाकडची धम्मप्रिया म्हणून होती, सव्वीस वर्षांची, चटपटीत. मला आजारी केलं. आता खचलेला माणूस कसा करायचा? मला एकच माहीत होता. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरला आणि काहीही विचारलं की तुझ्यासारखं 'सब ठीक है' म्हणायला लागलो. लोक हसले. धम्मप्रिया हसली नाही. ती शेजारी येऊन खाली बसली आणि साध्या आवाजात तिनं विचारलं, "दादा, मरून जावं असं येतंय का तुमच्या मनात?"

मी रडायला लागलो, तेही साधं नाही, शेंबूड येईपर्यंत. वर्गानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मला उत्कृष्ट अभिनयाबद्दल एक पेन मिळालं. हे पत्र त्याच पेनानं लिहितोय आणि ते मधेमधे अडतं.

तिसऱ्या दिवशी धोक्याच्या खुणा शिकवल्या. झोप उडणं, जेवण तुटणं, माणसं टाळणं. मी एकेक लिहीत होतो. मग मॅडम म्हणाल्या, आवडीच्या वस्तू लोकांना देऊन टाकणं. मी तेही लिहिलं. आणि लिहिताना माझी नजर माझ्याच मनगटावर गेली. तुझ्या अब्बांचं घड्याळ. मागच्या पंधरवड्यात तू ते बिलालच्या हाती माझ्याकडे पाठवलंस, आणि मी सजवलेल्या बैलासारखा ते घालून सगळ्या नायगावात मिरवलो. दानम्मा म्हणाली होती, "बापाचं घड्याळ कोणी देत न्हाई जी, इचारा तरी." मी तिला म्हटलं, तुला दोस्ती कळत नाही. दोस्ती मलाच कळली नव्हती.

मी वर्गातून उठलो आणि व्हरांड्यातून बिलालला फोन लावला. तो गॅरेजमध्ये होता. त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी जा, भाईला एकटं सोडू नको, कारण विचारू नको. तो कारण न विचारता गेला. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला की भाई आहे, चहा पिऊन राहिला. त्या अर्ध्या तासात मी त्या घड्याळात किती वेळा पाहिलं ते तुला सांगत नाही. मग मॅडमना सगळं सांगितलं. त्यांच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई नांदेडला बसतात, मंगळवारची वेळ त्यांनीच घेऊन दिली. गटाचा फोटो काढायच्या आधी मी निघालो, त्यामुळं त्या फोटोत उत्कृष्ट अभिनेता नाही.

आता त्या दिवसाचं लिहायला पाहिजे. आपण दोघं त्यावर कधी बोललोच नाही. शिवानी, नऊ वर्षांची, तुझ्या लेकीच्या, अर्शियाच्याच वयाची. बिलोलीकडच्या शेतातून आणली, पान लागलं होतं. (तिची आई शेवटपर्यंत साप म्हणाली नाही.) नायगावला तू बाहेरचा रस्ता सोडून बाजारातून गाडी घातलीस, कारण तो जवळचा, आणि बाजार भरलेला निघाला. अकरा मिनिटं आपण हातगाड्यांत अडकलो. नांदेडला डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगून कागदावर वेळ टाकली. तू गाडीच्या पायरीवर बसलास, किल्ली माझ्या हातात दिलीस आणि एकच वाक्य बोललास, "बाहेरचा रस्ता घेतला असता तर पोर वाचली असती, शेषेराव." मी म्हटलं, नशीब. सात महिन्यांत त्या वाक्याला मी दिलेलं उत्तर एवढंच.

असो. अम्मींना सलाम, भाभींना नमस्कार, अर्शियाला आशीर्वाद. मी बरा आहे. इथं थांबतो.

तुझा,
शेषेराव

ता. क. : अम्मींचा लोणच्याचा डबा आमच्याकडेच आहे. दानम्मा म्हणते परत द्यायचा नाही, भरून द्यायचा. तेव्हा वेळ लागेल.

दुसरा ता. क. : वर सहा पानं लिहिली ती या एका ओळीसाठी, आणि ती ओळ मी चार वेळा खोडली. मरून जावं असं तुझ्या मनात येतं का? मॅडम म्हणतात विचारल्यानं ते मनात शिरत नाही, असलं तर बाहेर यायला वाट मिळते. येत असेल तर हो म्हण. मी मन घट्ट कर म्हणणार नाही. मंगळवारी नांदेडला मी तुझ्याबरोबर येईन, आणि दवाखान्यात बाकावर बसेन, आतल्या खोलीत तू म्हणशील तरच.

तिसरा ता. क. : हे मी आधीच सांगायला हवं होतं. त्या दिवशी शिवानीचा जीव बाजारात गेला नाही, जहांगीर. बाजाराच्या आधी, पेट्रोल पंपाच्या वळणावरच तिची नाडी थांबली. मशीनवरची रेघ सरळ झाली, ती मी डोळ्यांनी पाहिली. मी तिची छाती दाबत राहिलो, नांदेडपर्यंत, पण ती परत आली नाही. गेली हे डॉक्टरांनीच सांगायचं असतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही; आणि कागदावर वेळ पडली ती नांदेडची. मी काचेवर तळहात ओढायला हात वर केला होता. पण तिची आई माझ्या हाताकडे बघत होती. माझ्याच्यानं तो हात खाली ओढवला नाही. मी दोनदा टकटक केली. त्या खोट्या टकटकीवर भरवसा ठेवून तू जवळचा रस्ता धरलास, आणि ती अकरा मिनिटं सात महिने उरावर घेऊन बसलास. तुझा रस्ता चुकला नव्हता. मी चुकलो, आणि तुला ते सांगायला भ्यालो. मला माफ कर किंवा करू नको, पण ते ओझं तुझं नाही, ते खाली ठेव.

चौथा आणि शेवटचा : मुक्काम सांगायचा राहिला. लातूरहून निघालो तो घरी गेलोच नाही. सकाळपासून हिमायतनगरला तुझ्याच घरात, तुझ्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून बसलोय. अम्मींनी दोनदा चहा दिला. तुझं घड्याळ माझ्या खिशात आहे, ते तुझ्या हातात द्यायचंय. ही पानं आता दाराखालून आत सरकवतो. तू वाचून होईपर्यंत थांबतो, आणि मग दारावर वाजवतो. एकदाच. एकदा म्हणजे काय ते तुला माहीत आहे : सावकाश, मी इथंच आहे. उत्तर लिहू नकोस. कडी काढ.